डीप ब्लूचं रेटिंग २८५२? यंत्र आणि माणूस यांच्या डावांचा हिशोब

फोनवरच्या बुद्धिबळाच्या ॲपमध्ये यंत्राची ताकद निवडायला १२००, १५००, २००० असे आकडे दिलेले असतात. स्टॉकफिश या प्रोग्रॅमचं रेटिंग ३६०० च्या वर गेलंय, असंही वाचनात येतं. माणसांमध्ये आजवरचा उच्चांक मॅग्नस कार्लसनचा, २०१४ मधला, २८८२. मग प्रश्न पडतो: हे ३६०० कोणी काढले, आणि कोणाशी खेळून? कार्लसनशी खेळून तर नक्कीच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘यंत्राचं रेटिंग’ हा शब्दच जरा फसवा आहे. रेटिंग म्हणजे काही यंत्राच्या पोटातला, इंजिनाच्या अश्वशक्तीसारखा गुण नाही. अमुक यंत्र अमुक माणसांशी अमुक डाव खेळलं, त्या हिशोबाची ती बेरीज आहे. डाव बदलले की आकडा हलतो, समोरचा माणूस बदलला की हलतो, आणि गंमत म्हणजे डाव तेच ठेवून नुसती हिशोबाची रीत बदलली तरी हलतो.

## रेटिंग म्हणजे फक्त फरक

आज वापरात असलेली पद्धत अर्पाद एलो यांची. हे गृहस्थ हंगेरीत जन्मले, अमेरिकेत मिल्वॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत आणि स्वतः उत्तम बुद्धिबळ खेळत. त्यांची पद्धत अमेरिकी बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली.

पद्धतीचा गाभा एका वाक्यात मावतो: दोन खेळाडूंच्या रेटिंगमधला फरक त्यांच्यात गुण कसे वाटले जातील ते सांगतो. विजयाला १, बरोबरीला अर्धा, पराभवाला शून्य. फरक शून्य असेल तर दोघांना निम्मे निम्मे गुण. फरक १०० असेल तर वरच्याला सुमारे ६४ टक्के, २०० असेल तर ७६, ४०० असेल तर ९१. या टक्क्यांना ‘अपेक्षित गुण’ म्हणायचं.

यात ‘२८००’ या आकड्याला स्वतःचा काहीच अर्थ नाही, हे ध्यानात घ्या. जगातल्या प्रत्येक खेळाडूच्या रेटिंगमध्ये उद्या ५००० मिळवले, तरी एकाही डावाचा अंदाज बदलणार नाही. डोंगराची उंची आपण समुद्रसपाटीपासून मोजतो, कारण तसं ठरलंय. शून्य दुसरीकडे धरलं म्हणून डोंगर वाढत नाही की खचत नाही. हा मुद्दा पुढे ३६०० च्या वेळी लागणार आहे.

## उलटा हिशोब

वरचं गणित रेटिंगवरून गुण सांगतं. तेच उलटं फिरवलं, गुणांवरून रेटिंग काढलं, की मिळतं ते कामगिरी-रेटिंग, म्हणजे ‘परफॉर्मन्स रेटिंग’. प्रश्न असा: या स्पर्धेत जेवढे गुण मिळाले, तेवढेच अपेक्षित असणाऱ्या खेळाडूचं रेटिंग किती असेल? अनोळखी वस्तूचं वजन माहीत असलेल्या वजनांशी तोलून काढतो ना, तसं. प्रतिस्पर्धी म्हणजे वजनं, गुण म्हणजे तराजूचा काटा.

यंत्राला हीच रीत सोयीची पडते. माणूस वर्षानुवर्षं स्पर्धा खेळून रेटिंग कमावतो. यंत्राला मात्र बहुतेक वेळा एखादा सामना किंवा एखादी स्पर्धा एवढीच संधी मिळायची.

प्रत्यक्ष करून बघू. फेब्रुवारी १९९६, फिलाडेल्फिया. तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्हने आयबीएम कंपनीच्या डीप ब्लू या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाला ४–२ ने हरवलं. कास्पारोव्हचं तेव्हाचं रेटिंग २७७५. यंत्राला ६ पैकी २ गुण, म्हणजे ३३ टक्के. किती टक्के गुणांना रेटिंगमधला किती फरक, याचा फिडेचा एक तक्ता आहे; त्यात ३३ टक्क्यांपुढे उणे १२५ लिहिलंय. म्हणजे यंत्राची कामगिरी २६५०.

मे १९९७, न्यूयॉर्क. सुधारलेल्या डीप ब्लूने ३.५–२.५ असा सामना जिंकला. कास्पारोव्ह आता २७९५ वर. ५८ टक्के गुणांना तक्ता अधिक ५७ देतो. कामगिरी २८५२.

म्हणजे सव्वा वर्षात यंत्र २०० गुणांनी पुढे सरकलं, असं दिसतं. खरंच सरकलं का?

## सहा डावांवर विसंबायचं किती?

नाणं सहा वेळा उडवलं आणि चार वेळा छापा आला, तर नाणं खोटं आहे असं कोणी म्हणत नाही. इथेही तसंच. ग्रँडमास्टर पातळीवर, बऱ्याच बरोबऱ्या होत असताना, एका डावाचा निकाल अपेक्षेपासून साधारण ०.४ गुणाने इकडेतिकडे होतो. सहा डावांत हे हेलकावे एकमेकांना थोडे खोडतात आणि एकूण चूक साधारण एका गुणाची उरते.

एक गुण म्हणजे फार नाही, असं वाटेल. १९९७ च्या ३.५ मध्ये एक गुण कमी-जास्त करून बघा. २.५ असते तर कामगिरी २७३८, ४.५ असते तर २९८८. म्हणजे प्रामाणिक उत्तर ‘२८५२’ असं नाहीच. ‘बहुधा २७४० ते २९९० च्या दरम्यान’ असं आहे. आणि हे ‘बहुधा’सुद्धा तीनातल्या दोन वेळांपुरतंच. १९९६ च्या आकड्याभोवतीही असाच रुंद पट्टा आहे. यंत्र सुधारलं होतं हे खरं, त्याचं हार्डवेअर बदललं होतं; पण किती सुधारलं, ते या दोन सामन्यांवरून सांगता येत नाही.

चूक निम्मी करायची तर डाव चौपट लागतात. हे जाणणारी माणसं तेव्हाही होती. एडवर्ड फ्रेडकिन यांच्या नावाने संगणक-बुद्धिबळासाठी टप्प्याटप्प्याची बक्षिसं ठेवली होती. १९८३ मध्ये मास्टर दर्जा गाठल्याबद्दल ‘बेल’ या यंत्राला ५ हजार डॉलर मिळाले. मधला टप्पा १० हजारांचा, आणि अट होती माणसांविरुद्ध सलग २५ डावांत २५०० ची कामगिरी. तो १९८९ मध्ये ‘डीप थॉट’ या यंत्राने पार केला. २५ डावांमध्ये अंदाज चुकण्याचा पट्टा साधारण रेटिंगचे ६० गुण अलीकडे-पलीकडे इतका आकसतो. शेवटचं, एक लाखाचं बक्षीस मात्र जगज्जेत्याला हरवण्यासाठी होतं, आणि ते डीप ब्लूला सहा डावांच्या सामन्यावर मिळालं. मोजमाप म्हणून विचाराल तर दहा हजारांचं बक्षीस जास्त चोख होतं.

## “पण कास्पारोव्हने तर चुकून डाव सोडला होता!”

ही हरकत हमखास येते. १९९७ च्या दुसऱ्या डावात कास्पारोव्हने पराभव मान्य केला. पाठोपाठ विश्लेषकांनी दाखवलं, की सतत शह देत राहून बरोबरी साधण्याची वाट तिथे होती. तो डाव बरोबरीत धरला तर सामना ३–३, आणि यंत्राची कामगिरी कास्पारोव्हच्याच बरोबरीची, २७९५. पराभव मान्य करणाऱ्या एका हस्तांदोलनाची किंमत रेटिंगचे ५७ गुण.

२००६ मध्ये जर्मनीतल्या बॉन इथे तेव्हाचा जगज्जेता व्लादिमीर क्रामनिकचं याहून वाईट झालं. डीप फ्रिट्झ या प्रोग्रॅमविरुद्ध दुसऱ्या डावात त्याला एका चालीतली मात दिसली नाही. सामना यंत्राने ४–२ असा जिंकला. तो डाव बरोबरीत सुटला असता तर यंत्राची कामगिरी ६८ गुणांनी खाली आली असती.

मग असे डाव हिशोबातून वगळायचे का? मुळीच नाही. माणसाचं रेटिंग अशा चुकांसकटच ठरलेलं असतं. क्रामनिक माणसांशी खेळतानाही चुकत होता, आणि त्या चुका त्याच्या रेटिंगमध्ये आधीच वजा झालेल्या आहेत. इथे पुन्हा सूट दिली तर तोलायचं वजनच हलकं दाखवल्यासारखं होईल. फक्त अशी चूक नेमकी या सहा डावांत पडली, हा योगायोग. आणि डाव थोडे असले की योगायोगाचं पारडं जड होतं. थोडक्यात, तक्रार चुकीबद्दल नको, डावांच्या संख्येबद्दल हवी.

## सरासरीचा सापळा

आतापर्यंत समोर एकच माणूस होता. स्पर्धेत अनेक असतात, आणि तिथे सोपी रीत म्हणजे सगळ्यांच्या रेटिंगची सरासरी काढून तीत तक्त्यातला आकडा मिळवायचा. सगळे एकाच तोलाचे असतील तर काम चोख होतं. सन २००० मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या बड्या स्पर्धेत डीप ज्युनियर या प्रोग्रॅमला थेट खेळाडू म्हणून घेतलं होतं. आनंद, क्रामनिक यांच्यासारख्यांत त्याने ९ पैकी ४.५ गुण घेतले. बरोबर ५० टक्के, म्हणजे मिळवायचं-वजा करायचं काहीच नाही. प्रतिस्पर्ध्यांची सरासरी, साधारण २७००, हीच कामगिरी.

घोळ होतो तो प्रतिस्पर्धी विषम असले की. समजा, यंत्र २७०० च्या तिघांशी खेळलं आणि १.५ गुण मिळाले. कामगिरी २७००. मग चौथा डाव १९०० च्या एका खेळाडूशी झाला आणि यंत्राने तो जिंकला. आता सरासरी २५०० वर घसरली, गुण ४ पैकी २.५, म्हणजे साडेबासष्ट टक्के, त्याचे मिळाले सुमारे ९० गुण. कामगिरी २५९०! डाव जिंकला आणि शंभरावर गुण गमावले. परीक्षेत सोपं गणित बरोबर सोडवलं म्हणून गुण कापावेत, तशातला हा प्रकार.

माणूस आणि यंत्र यांच्या जुन्या स्पर्धांमध्ये हे नेहमीचं होतं, कारण यंत्रांसमोर ग्रँडमास्टर आणि हौशी खेळाडू असे दोन्ही बसत. हेगमध्ये १९८६ ते १९९७ दरम्यान भरणाऱ्या एगॉन स्पर्धांमध्ये एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅम अशीच रचना असे.

उपाय सोपा आहे, फक्त थोडी आकडेमोड जास्त. सरासरी काढायचीच नाही. यंत्राचं रेटिंग अंदाजाने धरायचं, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध अपेक्षित गुण वेगळे काढायचे, त्यांची बेरीज करायची. बेरीज प्रत्यक्ष गुणांहून कमी आली तर अंदाज वाढवायचा, जास्त आली तर कमी करायचा. वरच्या उदाहरणात २६०० धरले तर बेरीज येते २.०६, म्हणजे कमी. २७०० धरले तर २.४९. अजून दोनेक गुण वाढवले की २.५ ला जुळतं. कामगिरी २७०२. दुबळ्याला हरवलं म्हणून फारसं काही मिळालं नाही, पण काही गेलंही नाही. शहाणपण असंच असायला हवं.

## माणूस तरी एकसारखा कुठे खेळतो?

तोलायची वजनं पक्की आहेत, हे आपण गृहीत धरलं. माणसाचं रेटिंग माणसांशी खेळून आलेलं असतं. यंत्रासमोर तोच माणूस वेगळा खेळतो. कोणी पट बंद ठेवतं, प्यादी अडकवून टाकतं, म्हणजे यंत्राच्या हिशोबी डावपेचांना वावच मिळत नाही. कोणी उलट दबून जातं.

त्यात तयारीची भानगड. कास्पारोव्हला १९९७ मध्ये डीप ब्लूचे आधीचे डाव बघायला मिळाले नाहीत. क्रामनिकला २००२ च्या बहारीनमधल्या सामन्याआधी डीप फ्रिट्झची प्रतच दिली होती. तो सामना ४–४ असा सुटला. दोन्हीकडून कामगिरी-रेटिंग निघतं आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापले जातात. पण एकीकडे माणूस अंधारात खेळलाय आणि दुसरीकडे घरचा अभ्यास करून.

वेळेचंही तेच. १९९४ मध्ये लंडनला ‘चेस जीनियस’ या प्रोग्रॅमने कास्पारोव्हला स्पर्धेबाहेर काढलं, पण ते २५ मिनिटांच्या डावांमध्ये. घड्याळ जितकं घाईचं, तितकं यंत्राचं फावतं. जलद डावांतली कामगिरी पाच-सहा तासांच्या डावांना चिकटवणं म्हणजे धावण्याच्या शर्यतीवरून गिर्यारोहक निवडणं.

आणखी एक बारीक गोष्ट. सगळं गणित असं धरून चालतं, की प्रत्येक डाव आधीच्या डावापासून स्वतंत्र आहे. सामन्यात तसं नसतं. १९९६ मध्ये कास्पारोव्ह पहिला डाव हरला आणि मग यंत्राच्या सवयी ओळखून पुढच्या पाचांपैकी तीन जिंकला, एकही हरला नाही. तिकडे डीप ब्लूची मंडळीही दोन डावांच्या मध्ये प्रोग्रॅममध्ये बदल करत. म्हणजे सहा डावांत ना माणूस तोच राहिला, ना यंत्र.

## मग ते ३६०० आले कुठून?

यंत्रं यंत्रांशी खेळून. स्टॉकफिशचा आकडा ज्या याद्यांमधून येतो, त्यांत माणूस नसतोच. हजारो डाव होतात, त्यामुळे त्या यादीतले आपसातले फरक भलतेच नेमके असतात. माणसांच्या सामन्यातून ते तसे कधी मिळालेच नाहीत. पण फरक कितीही नेमके असले तरी शून्य कुठे धरायचं ते फरकांवरून ठरत नाही. समुद्रसपाटीची गोष्ट इथे परत येते. दोन बेटांवरच्या लोकांनी आपापल्या टेकड्या अचूक मोजल्या, पण मधला समुद्र कोणी ओलांडलाच नाही, तर दोन बेटांची शिखरं एकमेकांशी ताडून बघायची कशी?

हा समुद्र ओलांडायचा साकव म्हणजेच माणूस विरुद्ध यंत्र डाव. प्रोग्रॅमांच्या रेटिंगची यादी काढणाऱ्या, स्वीडनच्या एसएसडीएफ या संस्थेने आपल्या यादीची पातळी १९८७ ते १९९१ मध्ये स्वीडिश स्पर्धाखेळाडूंशी झालेल्या तीनशेहून जास्त डावांवरून बसवली होती. पुढे प्रोग्रॅम वाढत गेले, आपसात खेळत गेले, आणि वरचे आकडे माणसांशी होणाऱ्या निकालांच्या मानाने फुगलेले वाटू लागले. सन २००० मध्ये संस्थेने सगळ्या यादीतून एकदम १०० गुण कापले. त्या दिवशी एकही प्रोग्रॅम वाईट खेळू लागला नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता साकव बांधायचा तरी कसा? २००५ मध्ये लंडनला हायड्रा या यंत्राने इंग्लंडचा ग्रँडमास्टर मायकेल ॲडम्सला ५.५–०.५ असं लोळवलं. ॲडम्स तेव्हा २७४० च्या आसपास होता. म्हणजे यंत्राची कामगिरी ३१४० च्या घरात. त्यानंतर असे सरळ सामने हळूहळू थांबलेच. एक पळवाट निघाली: यंत्राने एखादी सोंगटी कमी घेऊन खेळायचं. २००७ मध्ये ‘रिब्का’ हा प्रोग्रॅम एक प्यादं कमी घेऊन ग्रँडमास्टर यान एहल्वेस्टशी खेळला आणि ५.५–२.५ ने जिंकला. एहल्वेस्ट साधारण २६०० चा, तेव्हा प्यादं नसतानाची कामगिरी २७४० च्या आसपास. ते प्यादं असतं तर? त्यासाठी प्याद्याची किंमत रेटिंगच्या गुणांत माहीत हवी, आणि ती सगळ्यांना सारखी नसते. नवशिक्यांच्या डावात एक प्यादं कमी असलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. कार्लसन त्यावर डाव जिंकून दाखवेल.

## सगळेच डाव जिंकले तर?

आता तराजूच्या टोकाला जाऊ. यंत्राने २६०० च्या सहा जणांना ६–० ने हरवलं. कामगिरी किती? गणित म्हणतं: अनंत. शंभर टक्के गुण अपेक्षित असावेत इतकं मोठं रेटिंग कोणतंच नाही. वजनकाट्याची सुई शेवटच्या खुणेला टेकली की पुढचं काही कळत नाही, तसं. फिडेचा तक्ता तिथे ८०० लिहून हात झटकतो, म्हणजे ३४००. संख्याशास्त्रज्ञ वेगळी युक्ती करतात: जमेला एक खोटा, बरोबरीत सुटलेला डाव धरतात. मग ७ पैकी ६.५ होतात आणि उत्तर ३०४५ च्या आसपास येतं. एकाच निकालाची दोन उत्तरं, साडेतीनशे गुणांच्या अंतराने. कोणतंच खोटं नाही. माहितीच तेवढी आहे.

टोकाच्या अलीकडेही सूत्राची निवड जाणवते. एलोंनी मुळात घंटेच्या आकाराचा आलेख धरला होता आणि फिडेचा तक्ता त्यावर बेतलाय. अमेरिकी महासंघ आणि संगणकांच्या बऱ्याच याद्या जवळचंच, पण वेगळं सूत्र वापरतात, ज्यात रेटिंगमधल्या दर ४०० च्या फरकामागे दोघांनी मिळवलेल्या गुणांचं प्रमाण दसपट होतं. ५८ टक्क्यांना दोन्हींत एका गुणाचाच फरक पडतो. ९५ टक्क्यांना मात्र तक्ता ४७० देतो आणि दुसरं सूत्र ५११.

ऑगस्ट २००९ मध्ये अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सला कोपा मर्कोसूर स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ हा प्रोग्रॅम खेळला. साधा एचटीसीचा मोबाइल फोन, सेकंदाला वीस हजारांहून कमी स्थिती तपासणारा. डीप ब्लू सेकंदाला वीस कोटी तपासत असे. फोनने नऊ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला. स्पर्धा सहाव्या श्रेणीची होती, म्हणजे सरासरी २३७६ ते २४०० च्या मध्ये. जाहीर झालेली कामगिरी २८९८. तक्त्यातले ४७० मिळवले तर २८७० च्या पुढे जाताच येत नाही; ५११ मिळवले तरच हा आकडा जुळतो. आणि बरोबरीतला तो एक डावही त्या फोनने जिंकला असता, तर तक्त्यातले ठरीव ८०० सोडले तर दोन्ही सूत्रांपैकी एकाकडूनही काही आकडा निघाला नसता.